आठशे बारावी लाट

सोमवार, २ फेब्रुवारी

लागले एकदाची नोकरीला. मुनिरक्यातली खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकी उघडली की समोरच्यांचा गीझर हाताला लागतो, पण संडास स्वच्छ आहे आणि मला तेवढं पुरे. जालन्याच्या मुलीने लाटांवर एम.टेक. करायचं आणि नोकरी धरायची ती समुद्रापासून हजार किलोमीटर लांब, दिल्लीत. आई याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणते. म्हणू दे. पगार वेळेवर आला की तिच्या शेळ्या गप्प होतील.

मेट्रोने कालकाजीला गाडी बदलून फरिदाबाद, पुढे शेअर ऑटो. कारखान्यांच्या गर्दीत एक पत्र्याची शेड, आत चाळीस मीटर लांबीचा काचेचा हौद. त्याला फ्लूम म्हणतात. एका टोकाला पॅडल आहे. खऱ्या समुद्रात वारा करतो ते पाणी ढकलण्याचं काम इथे पॅडल करतं. मधे गिऱ्हाइकाच्या बंधाऱ्याची छोटी प्रतिकृती. दुसऱ्या टोकाला काथ्याच्या चटया अंथरलेला उतार, लाट जिरवायला. त्याला सगळे बीच म्हणतात. सगळे म्हणजे दोघेच. विश्वनाथ सर तीस वर्षं दिल्लीत आहेत, त्यांच्या मराठीत दर वाक्याला एक ‘अच्छा’ असतो. आणि हरिदासजी, मूळचे अलीगढचे, अकरा वर्षं फ्लूम सांभाळणारे. माणूस काडीसारखा, पोट मात्र नगाऱ्याएवढं.

हरिदासजींनी माझ्यासाठी पाण्यावर मूठभर कुरमुरे टाकले आणि पॅडल चालू केलं. लाटा सरसर पुढे गेल्या, कुरमुरे मात्र जागच्या जागी गिरकी घेत राहिले. पाणी कुठे जात नाही, जातो तो धक्का. हे पुस्तकात शंभरदा वाचलं होतं, डोळ्यांनी आज पाहिलं. फार आनंद झाला.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

पाणी अकरा महिने बदललेलं नाही. टँकर परवडत नाही म्हणे. फुलदाणीत विसरलेल्या निशिगंधाच्या देठांचा वास येतो, त्यात खाली कुठेतरी मासळी.

बीच तर बघवत नाही. चटयांवर शेंबडासारखा राखाडी थर, उचलला की लोंबतो. सरांना मात्र त्याचा केवढा अभिमान. चांगला बीचसुद्धा लाटेचा विसावा हिस्सा तरी परत फेकतो; आमचा काहीच परत फेकत नाही. शून्य. तो आलेख चौकट करून भिंतीवर टांगला आहे, गिऱ्हाइकाला आधी तोच दाखवतात.

मला घाण सहन होत नाही, हा माझा जुना रोग. जेवणाच्या सुट्टीत बाह्या सारल्या आणि वरची चटई विम लावून ब्रशने घासली. हातमोजे हरिदासजींच्या मापाचे होते, म्हणून उघड्या हातांनी. थर निघाला, पण कोमट लागला. चहा दोन मिनिटांत गार होतो अशा शेडमध्ये ती चटई कुणाच्या तरी काखेसारखी कोमट होती. हरिदासजींनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. सर तर भडकलेच. बीचला बिल्कुल हात लावायचा नाही, म्हणाले.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

हाताचा वास जात नाही. साबण, डेटॉल, लिंबू, बेसन सगळं झालं. डाव्या हाताने जेवले.

सरांना विचारलं, लाट जाते कुठे? उथळ पाण्यात लाटेचे पाय तळाला अडखळतात, डोकं पुढे धावतं आणि ती तोंडावर पडते. तिचं बळ फेसात, आवाजात, उष्णतेत संपतं. आमच्या बीचवर फेस नाही, आवाज नाही. लाट गुपचूप आत शिरते, घास गिळल्यासारखी. अकरा वर्षांच्या लाटा गेल्या कुठे? सर हसले. “आम खाओ, पेड़ मत गिनो,” म्हणाले. शून्य आलं ना, मग झालं. इतका हुशार माणूस, पण आकडा मनासारखा आला की डोळे मिटतो. या धंद्यातले सगळेच असे असावेत.

सोमवार, ९ फेब्रुवारी

फ्लूम चालू होता. हरिदासजी स्टुलावर डबा खात होते, शर्टाची बटणं सोडून. बनियन वर सरकलं होतं. त्यांच्या बरगड्यांखाली कातडीची एक वळी उठली, सरकत बेंबीपर्यंत गेली आणि बसली. मग दुसरी. मग तिसरी. मी पॅडलकडे पाहिलं. दर दोन सेकंदांनी पॅडल पुढे, दर दोन सेकंदांनी पोटावर वळी.

मी माझा डबा बंद केला. त्यांनी बटणं लावली आणि हलक्या आवाजात सांगितलं, की नवे असताना त्यांनीही एकदा ती चटई धुतली होती. आधी लाट फक्त हातात यायची. मग खांद्यात. मग पोटात. सरांना सांगितलं नाही, नोकरी जाईल म्हणून. पूर्वी मशीनपाशीच यायची, आता सुट्टीच्या दिवशी बल्लभगढला घरी बसलं तरी येते. वादळ एकीकडे आणि किनारा हजार कोस दुसरीकडे, तरी लाट पोचतेच की. हे मी परीक्षेत लिहून आले आहे.

बुधवार, ११ फेब्रुवारी

आली. मनगटापासून कोपरापर्यंत. दुधावर फुंकर मारली की सायीला सुरकुती पडते, तशी कातडीखालून. बोटाने दाबली तर बोटाच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. स्वतःच्या हाताची इतकी किळस यावी? तो हात चादरीबाहेर ठेवून झोपते आहे.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

सरांना हात दाखवला. त्यांनी नीट पाहिलं नाही, पाहायचंच नव्हतं. ॲलर्जी असेल, सरोजिनी नगरला चांगला स्किनवाला बसतो, म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी शेवटची चाचणी. गिऱ्हाइकासमोर सलग तीन हजार लाटा, खऱ्या वादळासारख्या लहानमोठ्या. त्यांची फाइल मीच बनवली. सर्वांत उंच लाट कुठे पडणार ते संगणक ठरवतो. आठशे बारावी. आजवर चालवलेल्या कुठल्याही लाटेच्या तिप्पट.

सोमवार, १६ फेब्रुवारी

लिहवत नाही, तरी लिहिते.

सरांनी तीच फाइल अर्ध्या उंचीवर चालवून पाहिली. हरिदासजी बीचपाशी उभे होते. मोठी लाट बंधाऱ्यावरून गेली, बीचमध्ये शिरली, आणि त्यांचं पोट वर आलं. वर म्हणजे छातीत, छातीतून गळ्यात. गळा अरुंद, उथळ. तिथे फुटली. तोंडातून, नाकातून राखाडी पाणी, बादलीभर, वर फेस, फेसात काथ्याचे तंतू. तोच वास. ते गुडघ्यांवर बसले आणि फेस येतच राहिला. सरांनी रुमाल नाकाला लावला आणि आकडे बघायला गेले.

मी कोपऱ्यात जाऊन ओकले. माझ्या ओकारीतही एक तपकिरी धागा होता. ओढून काढावा लागला. लांब निघाला.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

हरिदासजी इस्पितळात. पोटातून सहा लिटर पाणी काढलं. सकाळी पुन्हा तेवढंच. डॉक्टर लिव्हर म्हणतात. त्यांच्या बायकोने मला विचारलं की कामावर काय प्यायला देता.

बुधवार, १८ फेब्रुवारी

खांदा ओलांडला. मानेखाली जाणवते, गिळताना.

सरांच्या टेबलापुढे उभी राहून रडले. पूर्ण उंचीवर चालवलं तर हरिदासजी मरतील, आणि मीही. सर म्हणाले, “अच्छा. शुक्रवार कॅन्सल.” शब्द दिला. मी राजीनामा ठेवला आणि निघाले. आईला फोन केला, रविवारची गाडी.

शुक्रवार, २० फेब्रुवारी
सकाळी ९.३६

सरांचा मेसेज, साडेनऊचा. गिऱ्हाईक मुंबईहून येऊन बसलेत, नाही म्हणता आलं नाही. तुझीच फाइल. आत्ता चालू करतोय. टेन्शन मत लो.

फोन लागत नाही. शेडमध्ये मोबाइल बंदच ठेवायला लावतात, मोजमापात खरखर येते म्हणून. सर आणि हरिदासजी, दोघांशिवाय तिथला कुणाचाच नंबर नाही माझ्याकडे.

लाटेला दोन सेकंद. आठशे बारा लाटांना सत्तावीस मिनिटं. फरिदाबादला पोचायला दीड तास.

९.४१

चालू आहे. हात, खांदा, मान. लहान, लहान, मोठी, लहान. मीच लावलेला क्रम. पुढची केवढी ते मला आधीच कळतं. वास खोलीभर.

९.४८

बल्लभगढच्या इस्पितळातून फोन, हरिदासजींच्या बायकोचा. नीट बोलता येत नव्हतं तिला. गादी ओली, जमीन ओली — नर्स बाहेर पळाली — ते गेले, म्हणाली. आणि गेल्यावरही पोट हलतंय —

सोळाव्या मिनिटाची लाट मोठी होती. तिचा नंबर मला पाठ आहे. ती तर काहीच नव्हती.

९.५२

बेसिनपाशी. फेस. काथ्या दातांत अडकतो, ओढला की आत कुठेतरी दुखतं, पोटात नाही, त्याच्याही खाली. आईला फोन लावला, तोंड उघडलं तर नुसता गुळगुळ आवाज. ठेवला. तिला ऐकायला नको.

९.५५

सर फोन उचला

९.५६

शांत झालं. एकही येत नाही. मोठीच्या आधी अशीच — पाणी मागे हटतं —

पोट पाठीला टेकलं. जीभ कोरडी. बोटं सुकली, पेन धरवत नाही, सगळं पाणी खाली खाली ओढलं जातंय, पायांत, इतकं कुठून आलं, माझं नाही हे, अकरा वर्षांचं —

उठतेय. गुडघे. मांड्या. पोट

आई तू गाडीवर घ्यायला येऊ नको, मी