बंद केल्यावर चुंबक कुठे जातं

जव्हार,
रविवार, २३ मार्च २०२५

चि. चंदना,

तुला आणि उमेशरावांना माझे व तुझ्या आईचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण आवाज नेहमीसारखा खणखणीत आहे, म्हणजे काळजी नाही. ऊन आत्ताच डोक्यावर बसलंय. पाड्यापाड्यांतून पाण्याच्या मोटरी दुरुस्तीला यायला लागल्या, दुकानात पाय ठेवायला जागा नाही.

बाबाला पत्र कुठून सुचलं, असं वाटेल तुला. फोनवर तू मधेच प्रश्न घालतेस आणि मी भलतीकडे जातो. या वेळी प्रश्न माझा आहे. तू शाळेत पोरांना विज्ञान शिकवतेस, म्हणून तुलाच विचारतो.

लहानपणी दुकानात तुला गप्प बसवायला मी खिळ्यावर तांब्याची तार गुंडाळून सेलला जोडायचो, आठवतं? खिळा टाचण्या उचलायचा. तार सोडली की टाचण्या खाली. तू विचारलंस, बाबा, बंद केल्यावर चुंबक कुठे जातं? मी म्हटलं, जेवायला. तू खरं मानलंस आणि खिळ्यापुढे भाकरीचा तुकडा ठेवलास. मला उत्तर येत नव्हतं म्हणून थट्टा केली. अजूनही येत नाही.

मला कळतं ते एवढंच. तारेतून वीज गेली की तिच्याभोवती चुंबकाचा जोर येतो. वेटोळी वाढवली की जोर वाढतो, आत लोखंड घातलं की आणखी वाढतो. आणि उलटंही होतं, वेटोळ्याजवळ चुंबक फिरवलं की तारेत वीज येते. माझ्या जुन्या सायकलचा दिवा त्यावरच पेटायचा. पाय थांबले की अंधार. आमची मोटर गुणगुणते तीही याच्यामुळेच. घरातली वीज सारखी दिशा पालटते, तिच्याबरोबर चुंबक पालटतं, आणि आतले पत्रे थरथरतात. म्हणजे वीज नाही तर चुंबक नाही, चुंबक नाही तर गुणगुण नाही. इतकी वर्षं मी यावरच पोट भरलं. बरोबर आहे ना? की इथेच कुठेतरी चुकतंय?

कारण सूर्यमाळ गावाला भलतंच झालं.

तिकडच्या एका पाड्याच्या विहिरीवरची मोटर मी नवीन तार भरून बसवली. चालू केली तर आत बारीक ‘हूं’. पंप सांभाळणारा नवसू म्हणाला, चांगली चाललीय की. मी म्हटलं, तुझे कान तुझ्याकडे ठेव. चढावर एसटी आली की गिअर टाकण्यावरून ड्रायव्हर ओळखणारा माणूस मी, मला कोण शिकवणार? मोटर काढून जव्हारला आणली, नवी कोरी तार तोडून टाकली, पुन्हा भरली. तोवर पाड्यावरच्या बाया हंडे घेऊन खालच्या झऱ्याला चढ-उतार करत होत्या. त्या मला काय म्हणत असतील, ते न ऐकताही कळत होतं.

परत नेऊन बसवली. परत हूं. मग नेहमीसारखं स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरच्या अंगाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टर नळी लावतो तसं, त्याने मोटरच्या पोटातलं सगळं ऐकू येतं. तेवढ्यात लाइट गेली. पाण्याची धार तुटली. हूं मात्र चालूच. मी नवसूला म्हटलं, बटण बंद कर, कुठून तरी वीज येतेय.

धोंडीबाई हंडा टेकून उभी होती. तिने सरळ मोटरवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"दादा, ही तं गप हाय. तू कोनाला ऐकतोस?"

सगळे हसले, मीही हसलो. मग मूठ उजव्या कानाला लावून बघितली. मोटर दगडासारखी गप्प. डाव्याला लावली, हूं. स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, तरी डावीकडे हूं.

म्हणजे चांगली मोटर मी फुकट फोडली होती.

शिमग्याला तू आलीस, तेव्हा जेवताना माझ्या डावीकडे बसून बराच वेळ काहीतरी सांगत होतीस. मी भाकरी मोडत राहिलो. शेवटी तू खांद्याला हात लावून विचारलंस, बाबा, रागावलास का? रागावलो नव्हतो गं. तू बोलतेयस हेच मला कळलं नव्हतं. मी म्हटलं, दमलोय. आणि तू ताट उचलून आत गेलीस.

आता तू रागावशील अशी गोष्ट. गेल्या गुरुवारी मी नाशकात होतो. आईला सांगितलं, तांब्याची तार आणायला जातो. तार आणलीही. पण आधी कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने यंत्र लावून कान तपासले आणि एक शब्द वापरला, तो नंतर लिहितो. म्हणाला, डोक्याचा एमआरआय करून घ्या.

एमआरआयच्या खोलीबाहेर एक पोरगी होती, तुझ्याच वयाची. किल्ल्या, घड्याळ, पट्टा काढून घेतला. मग विचारलं, काका, ग्राइंडरचं काम करता का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलाय का? गेलाय, म्हटलं, डॉक्टरांनी काढलाही, पण सगळा निघाला की नाही ते देव जाणे. तर म्हणाली, मग आज नाही. आत मोठं चुंबक आहे, कण हलला तर डोळा जाईल. आधी डोळ्याचा एक्स-रे.

मी हुशारी केली. म्हटलं, वीज बंद असताना मला आत जाऊन झोपू दे, मग हळूच चालू कर.

"काका, ते चुंबक बंद होतच नाही."

ती म्हणाली, तेही तारेच्या वेटोळ्यांचंच आहे, पण तार इतकी गार ठेवतात की एकदा सोडलेली वीज आत फिरतच राहते, बाहेरून द्यावी लागत नाही. माझ्या हातात तार तापते, तिच्यावरचं वार्निश जळतं, मोटरी जळतात, त्यावर माझं दुकान चालतं. आणि इथे वीज न देता चुंबक, तसंच माझ्या कानात मोटर नसताना गुणगुण. कशावर विश्वास ठेवू?

तुझं घर तिथून रिक्षाने जवळ. मी कोपऱ्यापर्यंत आलो होतो. शाळा सुटायची वेळ होती. मग वाटलं, तू तोंडाकडे बघून ओळखशील. जव्हारची गाडी धरली.

तो शब्द गाठ. कानाच्या नसेवर असावी. डॉक्टर म्हणाला, बहुतेक साधी असते, सावकाश वाढते, पण बघितल्याशिवाय सांगता येत नाही. आईला अजून बोललो नाही.

येत्या गुरुवारी सकाळी नाशकातच डोळ्याचा एक्स-रे आहे. डोळ्यात लोखंड निघालं तर त्या यंत्रात जायला नको, आणि नाही निघालं तर गाठ दिसेल. ते लोखंड निघावं असं मला वाटतंय की न निघावं, तेही कळेनासं झालंय. असा मी कधी नव्हतो.

दवाखाना तुला माहीत आहे, बसस्टँडच्या मागचा. सुट्टी मिळाली तर ये. चुंबक कुठे जातं, त्याचं उत्तर लिहून पाठवू नकोस, आत बोलावेपर्यंत बाकावर बसून सांग. पोरांना सांगतेस तसंच, सावकाश.

फक्त माझ्या उजव्या बाजूला बस.

तुझा
बाबा