टर्मिनलला जवसाचं तेल

२ मे
मोटरसायकल धुवायला काढली. साइड पॅनल उघडलं तर बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं-हिरवं पीठ! सोमवारी, १२ तारखेला पुष्पाची कळंबच्या शाळेत मुलाखत. बायकोला मीच नेणार. संकल्प: टर्मिनलला पुन्हा गंज चढू देणार नाही.

३ मे
गरम पाणी, खायचा सोडा, जुना टूथब्रश. पीठ फसफसून गेलं. टर्मिनल नव्या जोडव्यांसारखी चमकतात. ब्रश जुना नव्हता, बाचा रोजचा होता, हे नंतर कळलं.

४ मे
आर्णीचा रवी मेकॅनिक म्हणाला, वायर घट्ट कस, वरून थोडं व्हॅसलिन लाव, झालं. एवढंच? इतक्या सोप्या इलाजावर माझा विश्वास नाही. बा दरवर्षी बैलगाडीच्या चाकांना जवसाचं तेल पाजतो, लाकडाला काही होत नाही. हे रवीला सुचणं शक्यच नाही.

५ मे
तेलाचा पहिला हात. टर्मिनलला, वायरच्या टोकांना, आतून-बाहेरून. वायर कसल्या. गाडी चालू झाली! यूट्यूब चॅनल काढावं का?

६ मे, दुपार
वायर सोडून पाहिल्या. उन्हानं तेल वाळून कडक. नखानं निघत नाही. वा! दुसरा हात दिला. बा म्हणाला, "बादल, थे लाकडाले लावतेत रे." जुनी माणसं.

८ मे
तिसरा आणि चौथा हात. आतला भाग नीट वाळावा म्हणून वायर सुट्याच ठेवल्या. किकही काढून ठेवली. पुष्पाची साडी अडकते. शिवाय सेल्फ असताना किक म्हणजे बॅटरीवर अविश्वास.

१० मे
पुष्पा म्हणते, आठच्या एसटीनं जाईन, तुमच्या गाडीचं काई खरं नाई. दोन वर्षांनी कुठून तरी बोलावणं आलंय, हे गेलं तर पुन्हा येणार नाही. म्हणूनच तर मी! तासभर समजावलं. मानली.

११ मे
वायर जोडल्या. टेस्ट घेतली नाही. बॅटरी उद्यासाठी राखली.

१२ मे, ८.०५
एसटी गेली. कंडक्टरनं हात केला. मीही केला.

८.१५
बटन दाबलं. काहीच नाही. हॉर्नसुद्धा नाही.

८.२०
किक जपून ठेवली आहे. कुठे, ते आठवत नाही. बानं धक्का मारला. गाडी अंगणाला चक्कर मारून आली, बंदच. पुष्पाच्या डोळ्यांत पाणी. मलाही रडू येतंय.

८.३०
शेजारची मैनाबाई स्कूटी घेऊन आली. "काहून रडून राह्यली वं? बस मांगं." स्कूटीचं झाकण कधीचं तुटलेलं, बॅटरीवर पीठच पीठ. एका बोटात चालू. दोघी गेल्या.

१५ मे
पुष्पाची निवड झाली! अंगणात नाचलो. बाही नाचला. रवीनं टर्मिनलवरचा वाळल्या तेलाचा थर पॉलिश पेपरनं घासून घासून हात दुखवून घेतला. गंज होता का, मी विचारलं. म्हणाला, गंज नाही, अन् करंटही नाही. पहिला मुद्दा त्यानं मान्य केला.
जूनपासून रोज मीच सोडणार, असं पुष्पाला जाहीर केलं. तिनं पेढा भरवला. म्हणाली, आधी फोटो काढायला चला माझ्यासंगं, पायीच. एसटीच्या पासला लागतो.