मेथीचा वाफा

१ नोव्हेंबर, रविवार
नवलाख उंबरे गावातलं हे घर मला फार आवडलं. कारखाना स्कूटीवर दहा मिनिटं, आणि मागे चक्क रिकामी जमीन! कामशेतच्या बाजारातून मेथी, धने आणि वांग्याची सहा रोपं आणली. मी कुदळ धरलेली पाहून शेजारचे सीतारामभाऊ हसले. ते घरमालकांचे थोरले भाऊ, साठीचे, एकटेच राहतात. वाफे त्यांनीच पाडले, शेणखतही आणून टाकलं. उद्यापासून पाणी मात्र मीच घालणार.

६ नोव्हेंबर
मेथी उगवली. ताईला, म्हणजे प्रतीक्षाला, चार फोटो पाठवले.

१५ नोव्हेंबर
कोंबडीने अर्धा वाफा उकरला. सीतारामभाऊंकडे सहज कुरकुरले. संध्याकाळी कुंपणावर ती उलटी टांगलेली, मुंडकं नाही. तारेवरून रक्त ठिबकत होतं. "आता न्हाई यायची," म्हणाले. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

२४ नोव्हेंबर
समोरच्या मंगलमावशींच्या शेळीने सकाळी वांग्याची रोपं खाल्ली. मी कुणाला सांगितलं नव्हतं. सीतारामभाऊंनी पाहिलं असावं. कामावरून आले तर शेळी वाफ्यात फरफटत होती. मागचा पाय गुडघ्यातून कोयत्याने तोडलेला. तो पाय वेगळा, बांधावर पडलेला. मावशी तिला उचलून नेताना हळूच म्हणाल्या, "ताई, घर सोडा. सीतारामच्या बायकोनं न इचारता वांगी तोडली व्हती, तर तिची दोन बोटं छाटली यानं. माहेरी गेली ती परत आलीच न्हाई." पोलिसांत चला म्हटलं, तर मानेनेच नको म्हणाल्या.

२५ नोव्हेंबर
घरमालकांना फोन केला. भाऊ जरा तापट आहे, सांभाळून घ्या, म्हणाले.
सगळं उपटून टाकते, असं सीतारामभाऊंना सांगितलं. ते हसले. आता दिवसभर वाफ्याजवळ बसतात, मांडीवर कोयता.

३ डिसेंबर
तळेगावात खोली मिळाली. रविवारी जाणार. ताई मदतीला येतेय. सीतारामभाऊंना कळू दिलं नाही.

६ डिसेंबर
सकाळचे अकरा. पोलिसांनी वाचावं म्हणून लिहितेय. सीतारामने केलं. मी भांडी बांधत होते. ताई मागे गेली. तिला सांगायला हवं होतं— आल्या आल्या सांगायला हवं होतं. ओरडून म्हणाली, चैताली, मेथी काय कोवळी आहे, जेवायला तोडते.

मग किंकाळी.

उजवा हात मनगटापासून— जुडी अजून मुठीत होती. तिला ओढत आत आणलं, मागचं दार लावलं. ओढणी घट्ट बांधली तरी रक्त थांबत नाही. रुग्णवाहिका वीस मिनिटांत म्हणाले. पोलीस निघालेत म्हणे.

तो दारावर घाव घालतोय. आवाज शांत. "ताई, उघडा. चोर धरलाय मी. काम अर्धंच झालंय."

फळी फुटली. कोयत्याचं टोक दिसतंय—

ताई बोलत नाही. डोळे उघडे आहेत, श्वास आहे—

घाव थांबले.

मागे कुणी नाही. वाफ्यातही नाही. चपलांचा आवाज घराला वळसा घालून—

पुढचं दार. सकाळी ताई आली, खोकी बाहेर ठेवली, त्यानंतर कडी मी—