कोठी सात : माणूस आत

२ जानेवारी
नांदेडहून एस.टी.ने लातुरास सुखरूप पोहोचलो. तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन आठ वर्षे झाली. तरीही डाळमिलची तारयंत्रणा सांभाळण्यासाठी सिद्धलिंगशेठांनी मलाच बोलावले, याचा मनापासून आनंद वाटतो. खोली स्वच्छ आहे. खिडकीतून ऊन आणि तेल लावून वाळत घातलेल्या तुरीचा वास येतो. वाक्य पूर्ण केल्याखेरीज लेखणी खाली ठेवायची नाही, हा माझा नियम येथेही पाळेन.

३ जानेवारी
तुरीच्या सात कोठ्या एका ओळीत असून सर्वांच्या तळातून तूर पुढे ढकलणारा एकच लांब स्क्रू फिरतो. अडकलेली तूर मोकळी करण्यासाठी उतरणारा गडी दारातील चावी काढून खिशात घालतो; तत्क्षणी ‘माणूस आत’ हा संदेश तारेवरून कार्यालयातील पडद्यावर येतो आणि स्क्रू थांबतो. लांब तारेवर संदेश क्षीण होतो, म्हणून वाटेत तीन रिपीटर आहेत. तारेच्या एका तुकड्यावर ऐकलेले रिपीटर पुढच्या तुकड्यावर नव्या दमाने सांगतो. पदरचे काही घालत नाही, काही गाळत नाही. असा प्रामाणिक नोकर माणसांत दुर्मीळ. तिसऱ्या रिपीटरपलीकडे केवळ सातवी कोठी आहे. ती तीन वर्षांपासून बंद असून तिची तारही तोडलेली आहे.

६ जानेवारी
सकाळी अकरा वाजता पडद्यावर उमटले : ‘कोठी सात : माणूस आत.’ स्क्रू थांबला. झाडलोट करणाऱ्या चतुराबाई हसून म्हणाल्या, “सर, त्यो आमचा माणिकप्पा हाय. बोलायलाय तर बोलू द्या की. जिता व्हता तवा कुनी ऐकलं न्हाई.” भुताखेतांवर माझा विश्वास नाही, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

७ जानेवारी
तिसऱ्या रिपीटरची वीज काढली, दोन्ही बाजूंच्या तारा सोडवल्या आणि पेटी हातात घेतली. तरीही तिचा दिवा लुकलुकत होता. कार्यालयात परतलो, तेव्हा तोच संदेश माझ्याआधी पोहोचलेला होता.

८ जानेवारी
कोठीत उतरणारा संघपाल अखेर बोलला. हंगामात काम थांबू नये म्हणून येथे जोडचावी वापरतात. गडी चावी घेऊन उतरला की रिकाम्या जागी जोडचावी खोवायची; यंत्रणेला कोठी रिकामी वाटते, स्क्रू चालू राहतो आणि गड्याने कडेकडेने जीव सांभाळून काम करायचे. तीन वर्षांपूर्वी माणिकप्पा असाच सातव्या कोठीत तुरीखाली ओढला जाऊन मेला. कागदोपत्री तो शिडीवरून पडला. संघपाल म्हणाला, “आमी समदे गप बसलो, सर.”
त्या दिवशी जो संदेश गाळला गेला, तोच आता येत आहे.

९ जानेवारी
शेठांनी फर्मावले की, ‘रिपीटर नादुरुस्त’ अशी नोंद करून सगळी तार काढून टाकावी. उद्या संघपाल चौथ्या कोठीत उतरेल आणि स्क्रू चालूच राहील. वर टोमणा मारला, “गुरुजी, तुमची शिस्त नांदेडात ठेवा. इथं तुरीचा हंगाम हाय!”
मी नोंदवहीत लिहिले : ‘तिन्ही रिपीटर उत्तम स्थितीत आहेत.’ खाली पूर्ण सही केली. संध्याकाळपर्यंत गाशा गुंडाळण्याचा हुकूम झाला आहे. मी जाणार नाही.

१० जानेवारी, सकाळी दहा
शेठांनी स्वतः तार तोडली; आता स्क्रू थांबवणारा संदेश पोहोचणार नाही. संघपालला मी शिडीवरून मागे ओढले आणि चौथ्या कोठीत मीच उतरलो. चावी माझ्या खिशात आहे, वही गुडघ्यावर. वरून धमक्या येत आहेत. स्क्रूची मोटार लावायची असेल तर खुशाल लावा, असे मी कळवले आहे.

सव्वादहा
लावली. तूर पायाखालून सरकते आहे — गुडघे रुतले — हलणार नाही —

थांबली. संघपाल ओरडून सांगतो की, पडद्यावर सातही कोठ्यांपुढे ‘माणूस आत’ उमटले आहे. तार नसताना. शेठ पळाले.

मोटार बंद आहे. तूर मात्र हलते. खालून —
माझ्या शेजारी — दाणे बाजूला होत आहेत — मूठ. मुठीत चावी —

आहे तेच लिहीन, काही गाळणार नाही. कोठी चार : माणसे दोन आ—