भरवशाचं मशीन

प्रिय चिंगे,

तुझा मेसेज येऊन आज नऊ दिवस झाले. "दादा, मागच्या अंगणात गवत कमरेएवढं झालंय. कुठलं मशीन घेऊ? तू सांगशील ते डोळे मिटून घेते." दुकानात उभ्या उभ्या वाचला, हाताचं ग्रीस पुसून पुन्हा वाचला. तीन वेळा उत्तर टाइप केलं आणि तिन्ही वेळा खोडलं. तुझी वहिनी म्हणाली, "अहो, एका मशीनचं नाव सांगायला एवढा घाम का फुटतोय? अठ्ठावीस वर्षं हाच धंदा करताय ना?" मी तिच्यावर उगाच खेकसलो. म्हणून आज दुपारी शटर अर्धं खाली ओढून बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर तुला लिहायला बसलोय. अक्षर लावून घे. ज्या हाताला पान्याची सवय, त्याला पेन म्हणजे माशी धरल्यासारखं वाटतं.

आधी मशीनचं बोलतो, कारण तेवढं मला येतं. कमरेएवढ्या गवताला ढकलायचं मशीन चालणार नाही, चार पावलांवर चाकं अडकतील आणि तू त्याला लाथा घालशील. तुला खांद्याला अडकवायचं लागेल, लांब दांड्याचं. पेट्रोलवरच्या मशीनमध्ये दोन जाती. टू-स्ट्रोक हलकं असतं, पण पेट्रोलमध्ये ऑइल मापाने मिसळावं लागतं. माप चुकलं की एकतर धुराने अंगण भरतं, नाहीतर इंजिन जाम होतं. फोर-स्ट्रोकला ऑइल वेगळं, आवाज कमी, पण वजन जास्त. दुकानदार तुला जास्त ताकदीचं गळ्यात मारायला बघेल. भुलू नकोस. एका घराच्या अंगणाला शेताची ताकद काय करायची? पट्टा खांद्याला लावून दुकानातच दहा मिनिटं उभी राहा. दुकानदार कितीही चुळबूळ करू दे, तू उभीच राहा. दहा मिनिटांनी खांदा दुखला तर अर्ध्या तासाने मोडेल. आणि सुरू करायच्या आधी सायलेन्सरला हात लावून बघ. गरम असेल तर समज, तू यायच्या आधीच त्याने ते तापवून ठेवलंय. थंड मशीन तीन-चार ओढींत सुरू झालं पाहिजे. तापलेलं काय, कुठलंही होतं.

हे तुला शिकवायची गरज नाही म्हणा. आई गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस, आणि शाळा सुटली की दुसरीकडे कुठे ठेवणार म्हणून दुकानातच असायचीस. उपड्या डब्यावर बसून नटबोल्ट लहान-मोठे वेगळे करायचीस आणि गिऱ्हाईक आलं की माझ्याआधी तूच निदान करायचीस. "दादा, हे खोकतंय." "दादा, हे रुसलंय, चालायचं नाही म्हणतंय." एकदा एका गिऱ्हाइकाला तू सांगितलंस की तुमच्या मशीनच्या नाकात घाण झालीय, आणि मी कार्बोरेटर उघडला तर खरंच बिघाड तिथेच. तो माणूस नंतर कितीतरी वर्षं "आमच्या डॉक्टरीणबाई कुठायत" असं विचारत यायचा. मागच्या महिन्यात पुन्हा आला होता. त्याने विचारलं आणि मी म्हणालो, मजेत आहे. दुसरं काय म्हणणार होतो?

तुम्ही घर घेतलंत तेव्हाचा तो रविवार तुला आठवतो का? तू आणि तुझे मास्तर माझ्या दुकानात आलात. मास्तरांच्या गळ्यात शिवणकामाची टेप तशीच लटकत होती, काढायला विसरले होते. मी म्हणालो, माप कुणाचं घेणार, मशीनचं? ते लाजले. त्या दिवशी मी तुम्हाला तीन मशीन काढून दिली. एक गवताचं, एक कुंपणाची झुडपं छाटायचं, आणि एक लाकूड कापायची चेनची करवत. तिन्ही मी स्वतः उघडून, तपासून, पुन्हा जोडली होती. बहिणीच्या घरी जाणारं मशीन म्हणून गवताच्या मशीनचा दांडा घासून त्याला नवा रंगसुद्धा दिला होता. मास्तर प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायचे. हे बटण कशाचं, हे बंद कसं करायचं, हे चुकून चालू झालं तर? कापडाला कात्री लावायच्या आधी माणूस दहादा मापतो, तशी त्यांची रीत. मी चेष्टेत म्हणालो, "मास्तर, मी दिलंय ना? मग डोळे मिटून वापरा." तुझ्या मेसेजमध्ये तेच शब्द आले.

वहिनीकडून तुमची खबर कळत असते. तू आता मास्तरांच्या दुकानात बसतेस, उंची कमी करणं, चेन बदलणं, काजं-बटणं एवढं घेतेस. शिवायला कापड घेऊन आलेल्यांना परत पाठवतेस. मास्तर शेजारी खुर्चीवर बसून खडूने खुणा करून देतात, आणि त्यांच्या डाव्या हाताखाली तू उशी ठेवतेस, कारण तो नुसता लोंबू दिला की खांदा ठणकतो. माझ्या अंगावर आज जी पँट आहे ती त्यांनी शिवलेली शेवटची. गुडघ्यावर विरली आहे. वहिनी म्हणते, टाका ती. मी टाकत नाही. शिलाई बघ एकदा, एक टाका इकडचा तिकडे नाही. अशी शिलाई दोन हातांशिवाय होत नाही, एक हात मशीनखाली कापड सरकवतो आणि दुसरा त्याला धरून वळवतो. हे मला, आयुष्यभर मशीन दुरुस्त करणाऱ्याला, त्यांचा हात गेल्यावर कळलं.

तुझ्या यादीत अजून दोन गोष्टी टाक. एक, खाली पात्याऐवजी नायलॉनची दोरी लावून घे. घराच्या अंगणाला तेवढी पुरते, आणि दगडावर आपटली तरी दोरीच तुटते. दुसरं, महिनाभर वापरणार नसशील तर टाकीतलं पेट्रोल काढून ठेव. जुनं पेट्रोल आत चिकट होऊन बसतं. माझ्याकडे येणारी निम्मी मशीन खराब नसतातच, नुसती बसून बसून आतून चिकटलेली असतात. माणसंही तशीच होतात. दीड वर्ष मी तुझ्या घरी आलो नाही, फोनवर "काम फार आहे" म्हणत राहिलो, आणि तू एकदा वैतागून म्हणालीस, "दादा, तुला आमच्याकडे बघवत नाही का?" खरं सांगायचं तर नाही बघवत.

त्या दिवसाचं तुला जे माहीत आहे तेच सगळ्यांना माहीत आहे. छपरावर वाळकी फांदी लोंबत होती. मास्तर करवत घेऊन मागच्या भिंतीवर चढले. तू खिडकीतून ओरडलीस, "उतरा खाली, माणूस बोलावू." ते म्हणाले, दोन मिनिटांचं काम. मग करवतीचं टोक कशाला तरी अडलं, ती उसळून मागे आली आणि त्यांच्या डाव्या खांद्यात शिरली. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तू बाकावर बसली होतीस आणि तुझ्या मांडीवर त्यांचा शर्ट होता. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "बरं झालं तू आलास, आता मला भीती नाही." चिंगे, त्यानंतर मला किती लोकांनी किती काय काय म्हटलंय, पण त्या एका वाक्याइतकं काही लागलं नाही.

चार दिवसांनी मास्तर बोलू लागले. डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, माझा पाय सटकला. तुलाही तेच. तू औषधं आणायला खाली गेलीस तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. मी तोंड उघडलं तर त्यांनी उजव्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं. म्हणाले, "दादा, तिला काही सांगायचं नाही. तिला आई नाही, वडील नाहीत. माहेर म्हणून तुम्ही एकटेच आहात. हात गेला तो गेला, तुम्ही पण गेलात तर ती कुठे जाईल?" मी मान हलवली. मला तेव्हा वाटलं, मी त्यांचा शब्द पाळतोय. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं झालं होतं. त्या क्षणी मला हलकं वाटलं, हे आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि परवाच्या शुक्रवारी मी तुमच्या दुकानापर्यंत आलो होतो. तुला माहीत नाही. मेसेजचं उत्तर तोंडानेच द्यावं म्हणून निघालो. बाहेर पायरीपाशी पोचलो तर आत एक गिऱ्हाईक बाई होती आणि तू मान खाली घालून शिवण उसवत तिच्याशी बोलत होतीस. "सांगत होते हो मी, उतरा म्हणून. पण ऐकतील तर ना! स्वतःच्या हट्टाने हात घालवला आणि मला या खुर्चीला बांधलं." तू हे सहज बोललीस, रोज बोलतो तसं. मास्तर शेजारीच बसले होते. त्यांनी ऐकलं आणि ते किंचित हसले, एखाद्याने जुनं बिल पुन्हा दाखवावं आणि आपण बरं बरं म्हणावं तसे. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. मी एक पाऊल पुढे टाकलं असेल. त्यांनी मान हलवली. अगदी थोडी, इकडून तिकडे. नको. मी, पंचावन्न वर्षांचा बाप्या, दारातून तसाच मागे फिरलो, आणि कोपऱ्यावर जाऊन बंद दुकानाच्या फळीवर बसून राहिलो. किती वेळ, ठाऊक नाही.

तर आता ऐक. अपघाताच्या आठ दिवस आधी मास्तर ती करवत घेऊन माझ्याकडे आले होते. म्हणाले, दादा, पुढचा दांडा ढकलला की खट्ट वाजतं, पण चेन थांबत नाही. त्या दांड्याला ब्रेक असतो. करवत उसळून मागे आली की हात त्याच्यावर आपटतो आणि चेन जागच्या जागी थांबते, त्यासाठीच तो असतो. मी झाकण उघडलं. आतली पट्टी तुटली होती. नवी पट्टी यायला दहा-बारा दिवस लागणार होते. मास्तरांनी विचारलं, "मग तोवर इथेच राहू दे का?" त्यांनी विचारलं होतं, चिंगे. आणि दुकानात तेव्हा गर्दी होती, मला ती करवत आणखी एक वस्तू म्हणून फळीवर नको होती. मी झाकण परत लावलं आणि म्हणालो, "न्या हो. किरकोळ फांद्या तर कापायच्या, ब्रेक काय रोज लागतो? बिनधास्त वापरा." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. ते भिंतीवर चढले ही त्यांची चूक असेल, पुष्कळ दिवस मी स्वतःला तेवढंच सांगत आलो. पण भिंतीवरून ते पडले नव्हते. खांदा चेनने कापला, आणि ती चेन थांबली असती. तू तिन्ही मशीन भंगारात दिलीस, त्यामुळे आता ती करवत उघडून कुणी बघणार नाही. मास्तर मरेपर्यंत बोलणार नाहीत आणि तू मरेपर्यंत त्यांना बोलत राहशील. मी शब्द मोडतोय तो एवढ्यासाठीच. त्यांचा हात मला परत देता येत नाही. तुझ्या तोंडून रोज जे त्यांच्या वाट्याला येतं ते माझं आहे, ते तरी माझ्याकडे येऊ दे. मशीनचं वर लिहिलंय ते सगळं खरं आहे, पण निवड दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घे, माझ्या शब्दावर घेऊ नकोस. आणि हे वाचून झालं की मला फोन करू नकोस. आधी मास्तरांजवळ जाऊन बस. त्यांना काय म्हणायचं ते तुझं तू ठरव, मला सुचत नाही. माझ्याशी तुला बोलायचं असेल तर मी दुकानात आहे, सकाळी नऊपासून. बोलायचं नसेल तरी तिथेच आहे.

अजूनही तुला म्हणावंसं वाटलं, तर तुझाच,
दादा