ओल्या चुन्याखालचा म

एस्तेर,

पहिल्या पाळीला कारखान्यावर निघालोय, तुला उठवलं न्हाई. मरिया रात्री न जेवता का झोपली ते तू विचारत होतीस. माझ्याच्यानं सांगवलंच न्हाई.

काल तू चर्चमधी गाण्याच्या सरावाला गेलीस, तवा मी नाताळासाठी भिंतीला चुना मारला. हात धुऊन येतो तर पोरगी कोळशानं भिंत काळी करत होती. "पप्पा, बघा ना," म्हणत होती. मी बघितलंच न्हाई. तिच्या हातावर फटका दिला आन् वरून चुन्याचा हात मारला.

चुना ओला असंपर्यंत खालचं दिसतं. तवा दिसलं, मरियाचा म! ताटात रवा पसरून, तिचं बोट धरून तू महिनाभर गिरवून घेतलास, तोच. पहिल्यांदा एकटीनं काढलेला. चुना वाळत गेला तसा तो म माझ्या डोळ्यांदेखत पुसला गेला.

मी कोळसा पुढं केला, "परत काढ गं" म्हटलं. तिनं दोन्ही हात पाठीमागं लपवले.

कोळसा खिडकीत ठेवलाय. आज तू दे. माझ्या हातून ती घ्यायची न्हाई.

सॅमसन