जपानच्या यादीतलं नाव

भरे, ता. मुळशी
१२ ऑगस्ट १९७९

प्रिय मोहिद्दीन,

तुझे सर गेले. परवा सकाळी. तार करायला पोस्टापर्यंत जाऊन परत आले, कारण हे तारेत मावण्यासारखं नाही. आणि तू आला नसतासच. तीन वर्षं झाली, त्यांचं नाव काढलं की तू ताटावरून उठतोस.

विद्यापीठातर्फे दहा मुलांना तीन आठवडे जपानला न्यायचं, तिथली भातशेती दाखवायची, हे सरांनी किती मनावर घेतलं होतं! रविवारी एसटीनं यायचे, आपल्या ओट्यावर कागद पसरायचे. कुणी कुठल्या शेतकऱ्याच्या घरी राहायचं, देवीची लस कधी टोचायची, सगळं लिहायचे. ‘डुक्कर चालत नाही’ हे तुझ्यासाठी कुणाकडून तरी जपानीत लिहून आणलं होतं. अम्मी हसायची, म्हणायची, या मास्तराला सोताची पोरं न्हाईत व्हय? खरंच नव्हती.

मग यादीतून तुझं नाव गेलं. जागा कमी पडल्या, मीच खोडलं, असं सर म्हणाले. भर कॉलेजात तू त्यांना नाही नाही ते बोललास.

बाबा रे, त्यांनी नाव खोडलं नव्हतं. ते वर्ष आठव. नसबंदीची जीप यायची, तरणी माणसं रानात पळायची. त्यात एक दिवस पोलीस दारात आला, मोहिद्दीन इथंच राहतो का, म्हणून विचारायला लागला. अम्मी-अब्बा खाचरात, मी एकटी. सांगितलं, या नावाचं हितं कुणी न्हाई. शेजारच्या गोजराबाईंनीही री ओढली, आमी तर ह्ये नावच ऐकलं न्हाई. तो लिहून घेऊन गेला. मला वाटलं, काय शहाणपणा केला मी! तो तुझ्या पासपोर्टच्या चौकशीला आला होता.

त्या जबाबावरून तुझा पासपोर्ट अडला, हे सरांना कळलं तेव्हा वेळ निघून गेली होती. मी रडले, त्याला सांगू नका म्हणाले. ते म्हणाले, तुला भाऊ एकच आहे, मला विद्यार्थी पुष्कळ आहेत. आणि मेली मी, गप्प बसले.

काल त्यांच्या घरी गेले. लीलाबाईंचं कुंकू पुसलेलं, आणि त्याच माझी माफी मागत होत्या. म्हणाल्या, तुमच्या मोहिद्दीनवर ह्यांनी अन्याय केला, तेवढं मनात ठेवू नका. तरी माझं तोंड उघडलं नाही. तू ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण त्यांच्याकडे माझ्याबरोबर चल. मला एकटीला सांगवत नाही रे.

तुझीच,
हसिनाआपा